चांगल्या दिवसाचा आकडा

(उन्हाळी व्याख्यानमालेत सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय तो 'वायरलेस यंत्रणेची देखभाल आणि हातातली मोजमापाची उपकरणे'. या विषयात मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपला तरी ती राहून गेली असं व्हायला नको. यंत्रणा ठणठणीत असते त्या दिवशी ती मोजा. जो आकडा येईल तो तारखेसकट लिहा आणि त्याच खोलीत, त्याच कपाटात ठेवा. बिघाडाच्या दिवशी मोजायला सगळेच धावतात. त्या दिवशीचा आकडा ताडून बघायला पहिला आकडा कुणाकडेच नसतो.

हे सांगलीत सांगायला मला बरं वाटतं, कारण तुम्हाला आकड्याची किंमत माहीत आहे. आयर्विन पुलापाशी पाणी 43 फूट झालं म्हटलं की या सभागृहातला प्रत्येक माणूस सावरून बसेल. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, 2019 साली पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं होतं, हे सगळं तुमच्या डोक्यात पक्कं आहे म्हणून त्या 43 ला अर्थ येतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला तो नुसता आकडा. आमच्या मीटरवरच्या आकड्याचं अगदी हेच आहे.

आता रिपीटर म्हणजे काय, व्हीएचएफ म्हणजे काय, परवाना कुठून मिळतो, हे मी सांगत बसत नाही. पुढच्या दोन रांगांत पूर-बचाव पथकातली मंडळी दिसतात, ती वॉकी-टॉकी घेऊन पाण्यात फिरलेली आहेत. बाकीच्यांनी एवढं लक्षात घ्यावं की हातातला सेट चार-पाच वॅटचा असतो, डोंगरावरचा रिपीटर त्याचं बोलणं ऐकतो आणि जास्त ताकदीनं पुन्हा सोडतो. सेट आणि अँटेना यांच्यामध्ये केबल असते, केबलच्या दोन्ही टोकांना कनेक्टर असतात. आमचं निम्मं आयुष्य या मधल्या भागात जातं.

मी आणलेलं हे पहिलं उपकरण बघा. बर्ड कंपनीचं 43 नंबरचं वॉटमीटर. 1950 च्या दशकापासून जगभर हेच मॉडेल चालत आलंय. बॅटरी लागत नाही, कारण सुई हलवण्याची ताकद हे केबलमधूनच घेतं. या गोल खाचेत एक एलिमेंट बसतं. त्यावरचा बाण अँटेनाकडे केला की अँटेनाकडे जाणारी पॉवर दिसते, बाण उलटा फिरवला की परत येणारी दिसते. अँटेना आणि केबल एकमेकांशी जुळलेली असतील तर परत जवळपास काही येत नाही. 100 वॅट गेले आणि 4 परत आले, तर एसडब्ल्यूआर, म्हणजे जुळणीचा आकडा, दीड. तो चालतो. 100 मधले 25 परत आले तर एसडब्ल्यूआर तीन, आणि मग टॉवरवर चढायची तयारी करा.

यात एक खाच आहे, ती पुष्कळांना शिकवलीच जात नाही. या मीटरची अचूकता पाच टक्के, पण ती पूर्ण पट्टीच्या पाच टक्के. 50 वॅटचं एलिमेंट घातलं तर अडीच वॅट इकडे-तिकडे. मग त्याच एलिमेंटनं परत येणारा पाव वॅट मोजायला गेलात तर सुई काय सांगणार? जाणाऱ्या पॉवरला मोठं एलिमेंट आणि परतीच्या पॉवरला लहान, अशी दोन जवळ हवीत. खरेदीच्या वेळी मात्र एकच घेतलं जातं, कारण यादीत 'मीटर - 1 नग' एवढंच लिहिलेलं असतं. (हशा) हसू नका, याची फार मोठी किंमत मोजली जाताना मी पाहिली आहे. तेवढं सांगतो आणि पुढे जातो.

चांदोलीच्या बाजूला एका डोंगरावर एका खात्याचा रिपीटर होता. 30 मीटरचा टॉवर, खाली पत्र्याची खोली, खोलीपासून अँटेनापर्यंत साधारण 40 मीटर केबल. ऑगस्ट आला की लांबच्या गावांतून तक्रारी सुरू. कंट्रोल रूमचं बोलणं खरखरतं आणि हातातल्या सेटवरून बोललेलं तर कंट्रोलला पोचतच नाही. रिपीटर उतरवून वर्कशॉपमध्ये आणला. तिथे पॉवर 40 वॅट, रिसीव्हरही पाव मायक्रोव्होल्टला स्वच्छ ऐकतोय. 'काही बिघाड नाही' असा शेरा पडला आणि सेट परत डोंगरावर गेला. तक्रार तशीच. मग दुसरा सेट बसवला, तरी तीच तक्रार. मग कुणीतरी मीटर घेऊन वर गेलं आणि खोलीत रिपीटरच्या मागे जोडलं. 40 वॅट जातायत. बाण उलटा केला तर सुई हललीसुद्धा नाही. म्हणजे अँटेना उत्तम, केबल उत्तम! वहीत लिहिलं, 'एसडब्ल्यूआर उत्तम'. दोन पावसाळे असे गेले.

मी तिथे गेलो तेव्हा सोबत एक वयस्कर रिगर होते. टॉवरवर चढण्यात त्यांची हयात गेलेली. ते म्हणाले, साहेब, मीटर खाली कशाला लावताय, वर द्या की. तेच बरोबर होतं. पाऊस थोडा उघडला तेव्हा पट्टा बांधून ते चढले, मीटर पिशवीत घालून दोरीनं वर ओढून घेतलं. अँटेनाच्या आधीचा कनेक्टर सोडून मध्ये मीटर जोडलं. मी खालून पीटीटी, म्हणजे बोलायची कळ, दाबली. वरून आवाज आला, 'सहा!' वारा असा होता की खालच्या पोरानं 'साठ' ऐकलं आणि लिहूनही टाकलं. (हशा) चाळीसचे साठ कसे होतील रे बाबा! मग रिगरनी वरून बोटं दाखवली, एका हाताची पाच आणि दुसऱ्याचं एक.

खालून 40 वॅट निघतात आणि वर 6 पोचतात. तेवढ्या लांबीची ती केबल कोरडी असती तर अठरा-वीस पोचायला हवे होते. अँटेनाचाही बिघाड होता, त्या सहामधले दीड वॅट परत फिरत होते. पण ते दीड वॅट त्याच खराब केबलमधून खाली येईपर्यंत पाव वॅट उरायचे, आणि 50 वॅटच्या एलिमेंटला पाव वॅट दिसत नाही. केबल जितकी खराब, तितका खालचा एसडब्ल्यूआर सुंदर! वरच्या कनेक्टरवरची टेप उन्हानं तडकली होती. तिथून पाणी शिरलं आणि तांब्याच्या जाळीतून वातीसारखं खाली झिरपत गेलं. केबल कापली तेव्हा टोकातून थेंब पडत होते. आतली लालसर असायला हवी ती जाळी काळी पडलेली, नखानं खरवडली की भुकटी व्हायची.

आता माझा मुद्दा बघा. रिपीटर बसवला त्या दिवशी एखाद्यानं लहान एलिमेंट लावून परतीची पॉवर मोजली असती आणि लिहिली असती, समजा अर्धा वॅट, तर दोन पावसाळ्यांनी तीच पाव वॅट बघून त्याला ताबडतोब शंका आली असती. कारण अँटेनाची केबल जुनी होता होता आपोआप सुधारत नाही. आकडा आधीपेक्षा चांगला आला, तरी तो बिघाड असू शकतो. पण हे ओळखायला आधीचा आकडा पाहिजे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, ते मी पाहिलं. या गोष्टीला जरा जास्तच वेळ गेला. पण ती मला पूर्ण सांगायचीच होती.

मागून कुणीतरी विचारतंय, आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, हे कशाला? हा प्रश्न मला प्रत्येक गावात येतो आणि मला तो लागतो, हे मी लपवत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत मोबाइल किती चालले होते? 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्यात गेलं तेव्हा? वीज जाते, मनोऱ्याखालची बॅटरी काही तास टिकते, मग फोन मुका. तुमच्याच गावात पूर पाहिलेल्या माणसाला हे मी सांगायला नको. वायरलेसला मधे कुणाची कंपनी लागत नाही. पण वायरलेस पुराच्या दिवशी चालेल याची हमी त्याच्या नावानं मिळत नसते. ती मे महिन्यातल्या मोजणीनं मिळते. माझं बोलणं कडक वाटलं असेल तर माफ करा, पण या कामात मी मनापासून गुंतलेला माणूस आहे.

डिजिटल सेट आल्यापासून तर हे जास्तच गरजेचं झालंय. जुन्या अॅनालॉग सेटवर सिग्नल घसरायला लागला की खरखर वाढायची. कान तयार असलेला ऑपरेटर महिनाभर आधी सांगायचा, काहीतरी बिघडतंय. डिजिटलमध्ये आवाज शेवटपर्यंत स्वच्छ येतो आणि मग एकदम तुटतो. ऐकून काहीच कळत नाही, मोजावंच लागतं. त्यातही रिपीटरचा बहिरेपणा मोजायला विसरू नका. ड्युप्लेक्सर, म्हणजे एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा भाग, जरा सरकला की रिपीटर स्वतःच्याच बोलण्यानं बहिरा होतो. सोपी तपासणी आहे. सिग्नल जनरेटरमधून बारीक सिग्नल सोडून 12 डेसिबल सिनॅड, म्हणजे समजण्याजोगा आवाज, कितीला येतो ते ट्रान्समीटर बंद ठेवून बघा, मग चालू ठेवून बघा. दोन्हीत फरक पडला, तर तोही वहीत लिहा. पूर्वी याला टेबलभर सर्व्हिस मॉनिटर लागायचा, तो जीपमध्ये घालून न्यावा लागे. आता हातात मावणारी यंत्रं हे काम करतात.

बॅटरीबद्दल दोनच वाक्यं. वॉकी-टॉकीच्या पत्रकात जे तास छापलेले असतात ते बहुधा 5-5-90 या हिशोबाचे असतात. पाच टक्के वेळ बोलणं, पाच टक्के ऐकणं, नव्वद टक्के नुसतं थांबणं. गणपती विसर्जनाच्या रात्री कुठला हवालदार नव्वद टक्के वेळ गप्प बसतो? (हशा) म्हणून बॅटरीचा व्होल्टेज नुसता बघू नका, पीटीटी दाबलेली असताना बघा. थकलेली बॅटरी मोकळी असताना पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि बोलायला लागलं की कोसळते.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली आहे. मग ड्रोनचं आणि अर्थिंगचं सोडून देतो, अर्थिंगला खरं तर स्वतंत्र संध्याकाळ हवी.

हे दुसरं उपकरण, केबल आणि अँटेना अॅनालायझर. अॅनरित्सूच्या साइट मास्टरनं ही जात लोकप्रिय केली. हे एकाच फ्रिक्वेन्सीवर न मोजता पूर्ण पट्टा चाळतं आणि गणित करून सांगतं की बिघाड इथून किती मीटरवर आहे. फार मोठी सोय, टॉवरवर न चढता कळतं. पण त्याला केबलची जात सांगावी लागते, कारण लहर प्रत्येक केबलमधून वेगळ्या वेगानं जाते. घट्ट पॉलिथिनच्या केबलमध्ये प्रकाशाच्या वेगाच्या 0.66 पट, फोमच्या जाड केबलमध्ये 0.88 च्या आसपास. एका ठिकाणी मागच्या साइटचं 0.88 तसंच राहिलं होतं आणि केबल होती 0.66 ची. बिघाड होता 30 मीटरवरच्या जोडात, यंत्रानं दाखवला 40 मीटरवर. 40 मीटरवर काय आहे? अँटेना! नवी अँटेना मागवली, बसवली, बिघाड जागच्या जागी. पडद्यावर केबलचं टोक 53 मीटरवर दिसत होतं, केबल मात्र 40 मीटरचीच. आता पुन्हा तेच म्हणतो. केबल टाकली त्या दिवशीचा आलेख आणि तिची मापलेली लांबी कपाटात असती, तर खरेदीचा कागद निघायच्या आधीच चूक सापडली असती.

पथकाच्या एका भगिनींनी चिठ्ठीवर विचारलंय की आमच्याकडे एवढे पैसे नाहीत, काय करावं? ताई, चांगला प्रश्न. नॅनोव्हीएनए नावाचं मोबाइलएवढं यंत्र मिळतं. त्याचा आराखडा जपानमधल्या एका हौशी रेडिओवाल्यानं सगळ्यांसाठी खुला केला, म्हणून ते काही हजारांत येतं. तुमच्या व्हीएचएफ अँटेनांना ते पुरेसं आहे. दर वेळी आधी त्याच्याबरोबरचे तीन तुकडे लावून, म्हणजे ओपन, शॉर्ट आणि 50 ओहमचा लोड लावून, ते कॅलिब्रेट करायचं. जून उजाडायच्या आत प्रत्येक बेस स्टेशनची अँटेना मोजा, पडद्याचा फोटो काढा, खाली तारीख आणि केबलची लांबी लिहा. मला दाखवायला आणलंत तर मी सांगलीत मुक्कामाला येईन.

अध्यक्ष उभे राहिलेत, तरी एक राहिलं. ते छोटं यंत्र काही मिलिवॅटच सोसतं. ते जोडलेलं असताना सेट त्याच केबलला लावून कुणीही पीटीटी दाबायची नाही, नाहीतर पाच वॅटनं ते क्षणात जळेल. आधी सेट सोडवून बाजूला ठेवा, मगच यंत्र लावा. दोन्ही उपकरणं इथे टेबलावर ठेवतो. ज्यांना हाताळायची आहेत त्यांनी पुढे यावं, मी तासभर इथेच आहे.