भाकरी उरते, डाळ उरत नाही

(महिला मेळाव्यातील भाषण)



आरोग्य शिबिरात मी बायकांना नेहमी विचारते, काल रात्री तुमच्या ताटात काय होतं? उत्तर ठरलेलं : "सगळ्यांनी खाल्लं तेच." मग विचारते, तुम्ही बसलात तेव्हा आमटी किती उरली होती? हशा पिकतो. मागून कुणीतरी म्हणतं, "पाणी घालून वाढवली, ताई."

आज मला त्या पाण्याबद्दलच बोलायचं आहे.

प्रथिनं अमायनो आम्लांची बनलेली असतात. त्यांतली नऊ अन्नातूनच घ्यावी लागतात. लायसिन त्यांपैकी एक. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ या धान्यांत ते कमी असतं. वेणीचा एक पेड आखूड पडला की बाकीचे दोन कितीही लांब असोत, वेणी तिथेच थांबते. नुसत्या भाकरीतल्या प्रथिनांचं असंच होतं.

हिशेब पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने ५० किलो वजनाच्या बाईला दिवसाला १५०० मिलिग्रॅम लायसिन लागतं. गरोदर आणि अंगावर पाजणारीला त्याहून जास्त. ४०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून मिळतं सुमारे ९००. उरलेलं ५० ग्रॅम तूरडाळ भरून काढते. मूग, मटकी, हरभरा, हुलगा, दूध, अंडी, मासळी, यांतही ते भरपूर आहे. महागड्या पावडरी नकोत. पिठलं-भाकरी आणि वरण-भात या जोड्या पुरेशा आहेत. पण शेवटी बसणारीच्या ताटात ही जोडी मोडते. तिला भाकरी मिळते, सोबत मिरचीचा ठेचा.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं. पण हक्क दिला तो धान्याचा, डाळीचा नाही. २०२० च्या टाळेबंदीत काही महिने केंद्राने कुटुंबामागे दरमहा १ किलो डाळ किंवा हरभरा दिला होता. म्हणजे देता येतं! मात्र एका किलोत पाच माणसांच्या घरात माणशी रोज सात ग्रॅमसुद्धा येत नाही. म्हणून आपली मागणी माणशी डाळीची हवी.

आणि घरातलं? रेशनवर डाळ आली तरी ती आपल्या ताटात आपोआप पडणार नाही. आज घरी गेल्यावर एवढंच करा. पाणी घालण्याआधी आपली वाटी भरून बाजूला ठेवा. जमेल तिने सगळ्यांसोबतच जेवायला बसावं. घरात कुरबूर होईल. होऊ दे. पुढच्या बैठकीत कुणाकडे काय झालं, ते आपण एकमेकींना सांगू.