अफवा थांबविणारा नाट्यखेळ



१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला. अशा अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात, आलेला संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा घातली. तथापि प्रत्येकाने पाच नव्या व्यक्तींना धाडल्यास चौथ्या फेरीत तो ६२५ जणांच्या हाती पडतो. म्हणून धाडणाऱ्यालाच विवेक हवा.

तो केवळ उपदेशाने येत नाही. ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल यांच्या नाट्यपद्धतीत प्रेक्षक खेळ थांबवितो, पात्राची जागा घेतो व प्रसंगाला निराळे वळण देऊन पाहतो. बुलढाणा जिल्ह्यातील लहानशा शाळेतही हे साधेल. अफवा लिहिलेला कागद मुलांनी हातोहात पुढे द्यावा. शंका येईल त्याने ‘थांबा’ म्हणून पुढे यावे व विचारावे, ‘हे कोणी पाहिले? कोठे? केव्हा?’ शिक्षकाने निवाडा देण्याची घाई करू नये. ज्यांनी कागद मुकाट्याने पुढे दिला, त्यांनाही त्याचे कारण मोकळेपणी सांगू द्यावे.