आधी सप्लाय बघा



माझी सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. बंद पडलेली गाडी ओढून आणली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असे : सप्लाय कुठपर्यंत येतोय? आज सांगणार आहे ती हकिकत अमेरिकेतली आहे, पण प्रश्न तोच आहे. ऐन वेळी तो मीच विसरलो, म्हणून ही हकिकत.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही दोघे मुलाकडे गेलो होतो. त्याने सहलीसाठी आर.व्ही. भाड्याने घेतली. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. मिनीबसएवढी गाडी, आत बिछाने, ओटा, फ्रीज, संडास, न्हाणी. थंडीसाठी गॅसवरची भट्टी आणि उन्हाळ्यासाठी टपावर एसी. दोघांना हुकूम देणारा थर्मोस्टॅट मात्र एकच, भिंतीवर बसवलेला, तळहाताएवढा.

या घरात वीज दोन प्रकारची असते. एक बॅटरीची, १२ व्होल्टची. दुसरी तळावरच्या खांबावरून केबल लावून घ्यायची, १२० व्होल्टची. दिवे, पाण्याचा पंप आणि भट्टीचा पंखा बॅटरीवर चालतात. एसी आणि मायक्रोवेव्ह खांबावरच्या विजेवर. एवढे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिला मुक्काम यलोस्टोनला. १८७२ साली राखलेले हे राष्ट्रीय उद्यान. आमचा तळ तिथल्या सरोवराकाठी होता, उंची सुमारे ७,७०० फूट. जूनमध्येही तिथली रात्र गोठवणारी असू शकते. तळावर वीज नव्हती, म्हणजे भिस्त बॅटरीवर. रात्री दीडच्या सुमारास चार वर्षांची नात कुडकुडत उठली. भट्टी बंद होती. मुलाने थर्मोस्टॅटचे बटण दाबले. पंखा फिरला, थोडा वेळ घरघरला, पण आग काही पेटली नाही. पुन्हा दाबले, पुन्हा तेच.

"अहो, ओट्यावरचा गॅस पेटवून ठेवू का? तेवढीच ऊब," ही म्हणाली. मी हात धरला. बंद जागेत गॅस जळत राहिला की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होऊ शकतो. त्याला ना रंग, ना वास. न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या याच वायूमुळे. नातीला दोन रजयांत गुंडाळून आम्ही मध्ये घेतले.

मुलगा म्हणाला, "थर्मोस्टॅटच गेलाय." मलाही तेच वाटले. घाईघाईत बॅटरीच्या उजेडात मी तो भिंतीवरून काढला, तारा ओढून पाहिल्या, काही सापडले नाही. परत बसवला. इथे माझी चूक झाली. पंखा फिरत होता, म्हणजे थर्मोस्टॅटचा हुकूम भट्टीपर्यंत पोहोचत होताच. तो उघडण्याचे कारण नव्हते.

मग गप्प बसून ऐकले. पंख्याचा आवाज दमलेला येत होता, आणि तो सुरू झाला की दिवे मंद होत होते. या भट्टीत आधी पंखा फिरतो. त्याच्या झोताने आतली एक पातळ पाकळी हलते आणि स्विच जुळतो. तेव्हाच गॅस सुटतो आणि ठिणगी पडते. पंखा हळू फिरला तर पाकळी हलत नाही, आणि गॅसही सुटत नाही. ही सोय सुरक्षिततेसाठी केलेली असते.

माझे मल्टिमीटर मी पिशवीतून नेले होते. मुलगा त्याला हसला होता. पंखा चालू ठेवून बॅटरीच्या खुंटांवर मोजले : १२.२ व्होल्ट. भट्टीपाशी मोजले : ९.८. म्हणजे बॅटरी ठीक होती, वीज वाटेत गळत होती. बॅटरीचे टर्मिनल पाहिले तर त्यावर पांढरा चुरा जमलेला. आधी निगेटिव्ह काढले, मग पॉझिटिव्ह. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतले, पुसून घासले, घट्ट आवळले. या वेळी पंखा जोरात फिरला, आणि थोड्याच वेळात भट्टीने पेट घेतल्याचा आवाज आला. नात त्याआधीच झोपली होती.

चार दिवसांनी आम्ही यूटा राज्यातल्या मोआबला होतो. तांबडे डोंगर आणि चाळिशीच्या घरातले ऊन. केबल खांबाला लावली, मायक्रोवेव्ह चालू झाला, एसी मात्र ढिम्म. नातीचा चेहरा लाल झालेला. मुलगा टपावर चढायला निघाला आणि मी पान्हे काढले. तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबा, थर्मोस्टॅटचा डिस्प्लेच बंद आहे. आधी सप्लाय बघा असं तुम्हीच म्हणता ना?"

मी पान्हे खाली ठेवले. एसी चालतो १२० व्होल्टवर, पण त्याला हुकूम जातो तो १२ व्होल्टवरून. खांबावर भरपूर वीज असली तरी थर्मोस्टॅटला सप्लाय नसेल तर एसी हलत नाही. मोटारीत असतो तसला पात्याचा फ्यूज उडाला होता. नवा घालण्याआधी तो का उडाला हे शोधायला हवे. थर्मोस्टॅट पुन्हा काढला. त्या रात्री मी परत बसवताना दोन तारा स्क्रूखाली दाबल्या गेल्या होत्या. धक्क्यांनी आवरण फाटून त्या एकमेकींना टेकल्या होत्या. यलोस्टोनचा बिघाड गाडीचा होता, मोआबचा माझ्या हातचा. तसे मी सगळ्यांसमोर सांगितले. तारांना टेप गुंडाळला, तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घातला. जास्त अँपिअरचा घातला असता, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळाली असती. एसी सुरू झाला.

श्रोतेहो, आर.व्ही. आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येईल. पण घरातले कुठलेही यंत्र बंद पडले की आपला हात आधी बटणाकडे जातो, आणि बटणच खराब आहे असे वाटते. उघडण्याआधी ऐका, बघा, सप्लाय कुठपर्यंत येतो ते मोजा. मोजायचे साधन वा माहिती नसेल तर जाणकाराला बोलवा. आणि ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत गॅस वा शेगडी पेटती ठेवू नका.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)