भूकंपाची नोंद आणि तुटणारा संपर्क



२२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूर परिसरात ५.८ प्रतीचा भूकंप झाला. १९९३ च्या किल्लारीच्या आघातानंतर भारतीय द्वीपकल्पातील काही वेधशाळांत नवी अंकीय यंत्रे बसवण्यात आली होती. बिलासपूर त्यांपैकीच एक. या वेधशाळांच्या नोंदींवरूनच भूकंपाचा उगम सुमारे ३५ किलोमीटर खोल, म्हणजे भूकवचाच्या तळाजवळ असल्याचे निश्चित झाले.

परंतु जमिनीचे कंपन यंत्रात उमटणे आणि ती नोंद अभ्यासकाच्या हाती पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना धरणातील यंत्राने टिपलेली नोंद जगभर अभ्यासली गेली. ती यंत्रातच उमटली होती; कोणत्याही तारेवर विसंबलेली नव्हती. आज उपग्रह आहेत, मोबाइलचे जाळे आहे. पण धरणी हादरते तेव्हाच वीज जाते आणि संपर्कही कोलमडतो. म्हणून जाणते रचनाकार हा दुवा तुटणारच असे गृहीत धरून यंत्र घडवतात.

अशा यंत्रात तीन दिशांचे कंपन प्रत्येकी सेकंदाला शंभर वेळा मोजले, तर एका दिवसात २ कोटी ५९ लाख २० हजार आकडे जमतात. त्यांचा भार हलका करण्यासाठी दर वेळी पूर्ण आकडा न लिहिता मागील आकड्याशी असलेला फरकच लिहितात. शांत जमिनीवर हे फरक अगदी लहान असतात. मग आकड्यांची छोटी पाकिटे बांधली जातात. प्रत्येकावर केंद्राचे नाव, अनुक्रमांक आणि उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवलेली वेळ असते. ही वेळ सर्वांत मोलाची, कारण कवचातील प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते; घड्याळ एका सेकंदाने चुकले की अंतराचा हिशेब तितकाच ढळतो. पाकिटात पहिले आणि शेवटचे मूल्य पूर्ण लिहिलेले असते. फरकांची बेरीज त्याच्याशी जुळली नाही, तर पाकीट बिघडले हे लगेच कळते.

पाकिटे प्रथम यंत्राच्या स्वतःच्या स्मृतीत जातात, नंतर प्रवासाला निघतात. ही स्मृती रहाटगाडग्यासारखी फिरते. भरली की सर्वांत जुन्या नोंदीवर नवी नोंद चढते. महिनाभराची साठवण असेल तर महिनाभराचा खंडही निभावतो. संपर्क जुळताच मुख्य केंद्र शेवटच्या मिळालेल्या पाकिटाचा क्रमांक सांगते आणि यंत्र त्यापुढची पाकिटे पाठवू लागते. येथे एक पेच उभा राहतो: तुंबलेल्या जुन्या नोंदी आधी पाठवाव्यात की या क्षणाच्या? संशोधकाला सलग क्रम हवा असतो. इशारा देणाऱ्या केंद्राला मात्र तासापूर्वीचे कंपन घेऊन काय करायचे? तेथे ताज्या नोंदीलाच अग्रमान द्यावा, जुन्या मागाहून सावकाश याव्यात, हेच योग्य.

काही पाकिटे कायमची हरवतात. त्यांची जागा रिकामीच ठेवतात. तेथे शून्ये भरली, तर त्या वेळी जमीन निश्चल होती असा खोटा पुरावा तयार होईल. कधी मात्र मुख्य केंद्रातील ही रिकामी जागा पुढे भरूनही निघते: कर्मचारी दुर्गम ठाण्यावर जातो, यंत्रातील साठवण काढून आणतो आणि न पोचलेली पाकिटे क्रमांकानुसार आपापल्या जागी बसतात.