जखम कोंबडीला, दोष खुराड्यात



परसात चार-सहा कोंबड्या असलेल्या घराला हा प्रसंग नवा नाही. दिवेलागणीला कोंबड्या डालायच्या वेळी एक कोंबडी भिंतीच्या कडेला अंग चोरून बसलेली दिसते. उचलून घ्यावी तर शेपटीच्या मुळाशी पिसे उपटलेली, कातडी सोललेली, रक्त साकळलेले. हे काम मुंगसाचे किंवा मांजराचे नसते. तिच्याबरोबर दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांनीच तिला टोचलेले असते. घरची माणसे हळहळतात, हळद भरतात, काही दिवस तिला वेगळी ठेवतात आणि बरी वाटली की पुन्हा कळपात सोडतात. संध्याकाळपर्यंत ती परत रक्तबंबाळ होते. माझे म्हणणे असे, की जखम एका कोंबडीच्या अंगावर दिसत असली तरी तिचे कारण बहुतेक वेळा खुराड्यात असते. म्हणून औषध कोंबडीला आणि दुरुस्ती खुराड्याला, ही दोन्ही कामे एकाच दिवशी सुरू व्हायला हवीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : टोचणे हा कोंबडीचा स्वभावच, आपण मध्ये कशाला पडायचे? स्वभाव आहे हे खरे. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डेरुप-एबे यांनी लहान वयापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि १९२२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दाखवून दिले, की आपण कोणाला टोचायचे आणि कोणापुढून बाजूला व्हायचे हे कळपातल्या प्रत्येक कोंबडीला ठाऊक असते. ही उतरंड एकदा बसली की भांडणे कमी होतात. वरची कोंबडी नुसती मान उंचावते आणि खालची वाट सोडते. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेत गुल आणि ॲली या संशोधकांनी याचीच दुसरी बाजू मोजली. ज्या कळपांतल्या कोंबड्या सतत बदलत ठेवल्या, त्या कळपांत टोचणे जास्त झाले, खाणे घटले आणि अंडीही कमी मिळाली. म्हणजे उतरंड घट्ट असते तेव्हा कळप शांत राहतो आणि ती विस्कटली की रक्त निघते. शिवाय वाट सोडायला मुळात वाट असावी लागते. आपल्या पाळीव कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा. रानात हार खाल्लेला पक्षी झुडपात शिरून सुटतो. जाळीच्या चार भिंतींत हरलेली कोंबडी तिथेच उभी राहते आणि मार खात राहते. जाळी माणसाने बांधलेली आहे, त्यामुळे मध्ये पडणे हेही माणसाचेच काम.

मध्ये पडायचे ते लगेच. लाल रंगाकडे कोंबडीची चोच ओढली जाते. एकीने रक्त काढले की एरवी गरीब असलेल्याही त्याच जागी टोचू लागतात, म्हणून जखमी कोंबडी दिसताच बाहेर काढावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने काही मिनिटे दाबून धरावे. मग उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड चहाचा चमचा मीठ विरघळवून त्या पाण्याने जखम धुवावी. भोवतीची चिकटलेली पिसे हलक्या हाताने कातरावीत, उपटू नयेत. पातळ केलेले पोविडोन आयोडीन लावावे. राख, चुना, रॉकेल यांतले काहीही लावू नये. त्याने कातडी भाजते. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात माशांचा धोका मोठा असतो. माशी जखमेवर बसली की एका दिवसात अळ्या दिसू शकतात, म्हणून जखम सकाळ-संध्याकाळ उजेडात पाहायची. अळ्या दिसल्या, वास आला, मांस उघडे पडले किंवा कोंबडीने खाणे सोडले, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले, तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही त्यांनाच विचारून घ्यावे.

इथवर बरीच घरे नीट वागतात. चूक होते ती वेगळे ठेवण्याच्या पद्धतीत. जखमी कोंबडी मायेने घरात, मोरीजवळच्या खोक्यात ठेवली जाते आणि दोन-तीन आठवडे कळपाच्या नजरेआड राहते. तेवढ्यात उतरंडीतली तिची जागा पुसली जाते. ती परतते तेव्हा कळपाच्या लेखी ती परकी असते, आणि परक्या कोंबडीला सगळ्या मिळून टोचतात. म्हणून पहिले एक-दोन दिवस उबेत आणि शांततेत काढले की तिचे डालगे किंवा जाळीचा पिंजरा खुराड्याला लागूनच ठेवावा. ती इतरांना दिसावी, इतर तिला दिसाव्यात, पण चोच पोहोचू नये. दाणापाणी दोन्हीकडे एकाच वेळी घालावे. जखमेवर खपली धरून नवी कातडी आली, लाल रंग गेला, की अंधार पडता पडता तिला हलकेच दांडीवर इतरांच्या शेजारी बसवावे. अंधारात कोंबड्यांना फार दिसत नाही, त्या जागच्या हलत नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच मात्र माणसाने तिथे हजर असावे.

आता खुराडे. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही; तशी दुखावलेली कोंबडी झाकून ठेवली म्हणून टोचण्याचे कारण जात नाही. ती गेली तर तिच्या वरची आपोआप शेवटची होते आणि मार तिच्या वाट्याला येतो. म्हणून आधी जागा मोजावी. जमिनीवर भुशाचा थर पसरण्याच्या गादी पद्धतीत अंड्यावरच्या दर कोंबडीला साधारण २ चौरस फूट जागा धरतात. दिवसा बाहेर मोकळी जागा मिळाली तर फारच चांगले. दाण्याचे आणि पाण्याचे भांडे एकच असेल तर वरची कोंबडी त्यावर पहारा करते. दोन भांडी एकमेकांपासून लांब, मध्ये फळी किंवा सूप उभे करून ठेवली की पहारा मोडतो. मग खाद्य पाहावे. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने लागतात. तांदळाच्या कणीत ती जवळपास निम्मीच असतात. पीस हे बहुतांशी प्रथिनांचेच बनते, त्यामुळे उणीव असली की दुसरीच्या पिसांवर चोच जाते. एरवी पाला, माती उकरण्यात तिचा दिवस जातो. फरशीवर ते मिळत नाही, तेव्हा हीच चोच सोबतिणीच्या पाठीवर वळते. पालेभाजीची जुडी टांगणे, कोरडी माती आणि राख भरलेले घमेले अंग घोळायला ठेवणे, या बिनखर्चाच्या गोष्टी आहेत. पिसांखाली उवा-पिसवा आहेत का, तेही पाहावे. आणि टोचली गेलेली कोंबडी आधीपासून आजारी होती का, ही शंका मनात ठेवावी, कारण मंदावलेला पक्षी कळपाला आपल्याआधी कळतो.

काही जण म्हणतील, टोचणारीची चोच कापली की प्रश्न मिटला. चोच नखासारखी निर्जीव नसते. तिच्यात रक्त आणि मज्जातंतू असतात, आणि खाणे, पिसे विंचरणे, चाचपणे सगळे तिनेच होते. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या देशांनी चोच कापण्यावर बंदी घातली आहे. त्यापेक्षा टोचणारीलाच काही दिवस वेगळी ठेवावी. ती परतते तेव्हा नवखी ठरते आणि बहुधा तिचा तोरा उतरलेला असतो. आणखी काही विचारतील, एका कोंबडीपायी एवढे कष्ट कशाला? त्यांना मी सांगेन, हे कष्ट एकीसाठी नाहीतच. जागा, भांडी आणि खाद्य सुधारले की सगळा कळप सुधारतो, आणि अंड्यांच्या टोपलीतही फरक दिसतो. पण तो फरक दिसला नसता तरी मी हेच सांगितले असते. आपण बांधलेल्या भिंतींत जे जनावर राहते, त्याला दुखते तेव्हा उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

म्हणून जखम भरली एवढ्यावर समाधान मानू नका. सकाळी दाणे टाकल्यावर ती कोंबडी इतरांबरोबर पुढे येते, की सगळ्या हटेपर्यंत लांब उभी राहते, ते आठवडाभर पाहा. लांब उभी राहत असेल, तर खुराड्यातले काम अजून बाकी आहे.