कागदावरचे रेशीम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



शिवणकामाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहबाईंची आज्ञा झाली. सुईदोरा आपणां सर्वांना माझ्याइतकाच ठाऊक आहे; म्हणून मी जरा दूरची, फ्रान्समधील हकिगत सांगणार आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस, चौदाव्या लुईच्या अमदानीत, पॅरिसच्या सँ-झाक रस्त्यावर चित्रे छापून विकणाऱ्यांची दुकाने होती. बोनार बंधू त्यांत नामांकित. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली ही चित्रे उंची पोशाखांतील स्त्रीपुरुषांची असत. त्यांतील काहींना पुढे खरोखरीचे कपडे चढवीत! झग्याचा भाग नाजूकपणे कापून काढावयाचा आणि मागून रेशमाचा, मखमलीचा वा जरीचा तुकडा चिकटवावयाचा. चेहरा व हात तेवढे कागदाचे राहत. सुखवस्तू घरांतील स्त्रियांचा हा एक विरंगुळा होता.

पण याला नुसता विरंगुळा म्हणून सोडून देऊ नये. त्या काळचे बहुतेक पोशाख झिजले, उसवले, नाहीसे झाले. चित्रांना चिकटलेले तुकडे मात्र टिकले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कच्या मॉर्गन या संग्रहालयांत अशी चित्रे जपून ठेवली आहेत.

त्याच काळातील आणखी एक गोष्ट. पॅरिसमध्ये कपडे शिवण्याचा हक्क शिंप्यांच्या संघाकडे होता. चोरूनमारून शिवणाऱ्या बायकांना दंड होई. १६७५ साली राजाने शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना त्यांचा स्वतंत्र संघ मान्य करून दिला. स्त्रियांचे व मुलांचे कपडे त्या उजळ माथ्याने शिवू लागल्या. दरबारी पोशाखाची ताठ चोळी मात्र शिंप्यांनी आपल्याच हाती ठेवली!

आपल्या देशातील छापील सुती कापडाचे तर तिकडे इतके वेड होते की, फ्रेंच विणकरांचा धंदा बुडू नये म्हणून १६८६ साली त्यावर बंदी आली. ती १७५९ पर्यंत टिकली. तरी बायका ते कापड नेसतच राहिल्या.

या चित्रांखाली छापणाऱ्याचे नाव असते. कापड लावणारीचे बहुधा नसते. मला हे लागून राहते. आपल्या आज्या-पणज्यांनी शिवलेल्या गोधड्यांवर तरी कुणाचे नाव आहे? तेव्हा माझी एकच विनंती आहे. यंदाच्या प्रदर्शनात ठेवावयाच्या प्रत्येक वस्तूच्या मागे करणारीचे नाव व साल दोन टाक्यांनी घालावे. त्याला दोरा फारसा लागत नाही.