तीन मेणबत्त्या आणि एक ग्लास

(फोंडाघाट येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या मेळाव्यात आपल्या मंडळीतील एका वडिलांनी मला विचारले होते, "ताई, विज्ञान शाळेत शिकवतातच. मग वाडीवरच्या विज्ञानाच्या वर्गाला मिशनचा पैसा कशाला?" त्यांनी ते प्रेमाने विचारले होते. मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. आज देते, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

कातकरी वाडीवर शनिवारी दुपारी आमचा वर्ग भरतो. आपल्याच देणगीतून घेतलेली विज्ञानपेटी मी जवळजवळ वर्षभर कुलपात ठेवली होती. का, तर मुले काचेच्या नळ्या फोडतील! शेवटी लाज वाटली. पेटी उघडली, पण सुरुवात मात्र घरातल्या वस्तूंनी केली. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढते. आपण सर्वांनी हा प्रयोग पाहिला असेल. मी मला शिकवले होते तेच सांगितले : ज्योतीने ऑक्सिजन संपवला, हवेचा पाचवा हिस्सा रिकामा झाला, ती जागा पाण्याने घेतली. मुलांनी वहीत लिहून घेतले.

मागे बसलेली एक मुलगी, जी वर्षभरात वर्गात दहा वाक्ये बोलली नसेल, ती म्हणाली, "ताई, आणखी दोन लावया?"

लावल्या. ग्लासावर आधीच्या पाण्याची खूण केलेली होती. तीन मेणबत्त्यांना पाणी त्या खुणेच्या बरेच वर गेले. आता ग्लास तोच, त्यातली हवा तेवढीच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. तर मग पाणी जास्त का चढावे? माझ्याकडे उत्तर नव्हते. मी मुलांना म्हटले, मला ठाऊक नाही, पुन्हा करून पाहू. त्या दुपारी आम्ही तो प्रयोग किती वेळा केला ते मोजले नाही, पण मेणबत्त्यांचा पुडा संपला. मुलांच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. ग्लास ठेवताना काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात. आणि पाणी ज्योत जळताना फारसे चढत नाही, विझल्यावर भराभर चढते.

घरी जाऊन वाचले, तेव्हा कळले की मुलांनी बरोबर धरले होते. ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त तर हवा जास्त तापलेली. ऑक्सिजन पुरता संपण्याआधीच ज्योत विझते, आणि जो जळतो त्याच्या जागी दुसरे वायू तयार होतात. पुढच्या शनिवारी मी वहीतले वाक्य मुलांकडून खोडून घेतले.

पण हवेशिवाय ज्योत मरते, हे त्या मुलीला माझ्या आधीपासून ठाऊक होते. तिचे आईबाप कोळशाच्या भट्टीवर जातात. ती म्हणाली, "भट्टीक भोक पडला काय कोळसो नाय, राखच होता." लाकडे रचून पाला-मातीने लिंपायची ती हवा मोजकीच मिळावी म्हणून. हे तिला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. शाळेत मात्र तिची गणना "कच्च्या" मुलांत होती.

ही पद्धत काही मी शोधलेली नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तो किशोर भारतीबरोबर ज्या संस्थेने सुरू केला, ती रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर, म्हणजे क्वेकर ख्रिस्ती लोकांनी उभारलेली संस्था. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन अरविंद गुप्ता तिथे पोहोचले आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून त्रिकोण-चौकोन बनवू लागले. सरकारने २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद केला. आगकाड्यांची खेळणी मात्र आमच्या वाडीवर चालू आहेत. (व्हॉल्व्ह ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते. दुकानदार आता मला पाहिले की न विचारताच कापून देतो.)

तर वडिलांना माझे उत्तर असे. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या जुन्या दारावर १११ व्या स्तोत्राचे दुसरे वचन लॅटिनमध्ये कोरले आहे. घरी जाऊन जरूर वाचा. आणि थोमाला आपण उगाच "संशयी" म्हणून बाजूला बसवतो. प्रभूने त्याला बाहेर काढले नाही, हात पुढे केले. वाडीवर मी बायबलचा पाठ घेत नाही, कोणाला प्रार्थनेला बोलावत नाही. तसे केले तर पालकांचा विश्वास एका दिवसात जाईल आणि तो जाणे योग्यच ठरेल. पण ज्या मुलांना सगळे गप्प बसायला सांगतात, त्यांच्यापुढे हात करून "बघ, तपासून पाहा" म्हणणे, हे मला त्याच्याच कामातले वाटते.

आता मागणे. प्रोजेक्टर नको. ती मुलगी सातवीत आहे. तिच्या वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे आणि दिवाळी झाली की कुटुंब घाटावर भट्टीवर जाईल, ते पावसाच्या तोंडाशी परत येईल. तिच्यासारखी आणखी चार मुले आहेत. तिची आजी वाडीवरच राहते. मी तिला विचारले. ती म्हणाली, पाच पोरांचा तांदूळ आणि तेल-डाळ मिळाली तर मी सगळ्यांना ठेवून घेते, पण रात्री कोणीतरी फेरी मारायला पाहिजे. मुलांच्या आईबापांशी बोलणे झाले आहे, तिघे तयार आहेत, दोघे अजून विचार करतात.

तांदळाची यादी बाहेर टेबलावर ठेवली आहे. रात्रीच्या फेरीसाठी नावे मला स्वतः भेटून द्या. मुकादमाचा ट्रक भाऊबीजेनंतर चार-पाच दिवसांत येतो.